वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरचा बंद तलाव पुन्हा सुरू करताना

प्रश्न : आमचे गाव समुद्रकाठी असून पर्यटनावर चालते. किनाऱ्यालगतचा सार्वजनिक पोहण्याचा तलाव, त्याच्या शेजारचे छोटे सभागृह आणि मुलांचे उद्यान ही तिन्ही ठिकाणे अनेक वर्षे बंद आहेत. पुढच्या हंगामापूर्वी त्यांचे नूतनीकरण करण्याचा पालिकेचा विचार असून तिने नागरिकांकडून सूचना मागवल्या आहेत. निधी मर्यादित आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : निधी कशावर खर्च करायचा हे ठरवण्याआधी ही ठिकाणे बंद का पडली, याचा छडा लावा. लोक कमी झाले म्हणून उत्पन्न घटते, उत्पन्न घटले की देखभाल मागे पडते आणि देखभाल मागे पडली की उरलेसुरले लोकही फिरकेनासे होतात. हे चक्र नेमके कोणत्या टोकापासून फिरू लागले, ते तिकिटांच्या जुन्या नोंदी, विजेची देयके आणि पंपांच्या दुरुस्तीची बिले शेजारी शेजारी मांडली की बऱ्याच अंशी कळते. तलाव आधी गळू लागला आणि मग ओस पडला, की आधी ओस पडला आणि मग गळू लागला, या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नूतनीकरणासाठी एकरकमी पैसा पुष्कळदा उभा राहतो. अडचण येते ती पुढच्या प्रत्येक वर्षाच्या खर्चाची. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे समुद्रात दूरवर बांधलेला, १८७२ साली खुला झालेला फेरफटक्याचा धक्का, म्हणजे तिथला पिअर, २०१० च्या आगीत बहुतांश जळाला. सुमारे १ कोटी ४२ लाख पौंड खर्चून तो नव्याने उभारण्यात आला, २०१६ मध्ये खुला झाला आणि २०१७ मध्ये त्याला वास्तुकलेचा प्रतिष्ठेचा स्टर्लिंग पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो चालवणारी धर्मादाय संस्था आर्थिकदृष्ट्या कोलमडली आणि २०१८ मध्ये हा धक्का अवघ्या ६० हजार पौंडांना खासगी मालकाकडे गेला. कामाच्या दर्जात खोट नव्हती. रोजच्या चालवणुकीला पुरेल असे उत्पन्न मात्र उभे राहिले नाही. म्हणून तुम्ही नागरिकांनी पालिकेकडे आराखड्याच्या चित्रांआधी निदान पुढील १० वर्षांच्या खर्चाचा आणि उत्पन्नाचा तक्ता मागावा, असे मी आग्रहाने सुचवीन. त्यात पहारा, वीज, पाणी, विमा, रंगरंगोटी, यंत्रांची झीज आणि मंदीच्या महिन्यांतले पगार स्पष्ट दिसले पाहिजेत.

त्याच देशातील पेन्झान्सचा ज्युबिली पूल हे याच्या उलट दिशेचे उदाहरण आहे. समुद्राच्या पाण्याचा हा तलाव १९३५ साली सुरू झाला, फेब्रुवारी २०१४ च्या वादळात त्याची मोठी पडझड झाली आणि दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये तो पुन्हा उघडला. पुढे समाजाच्या मालकीची संस्था तो चालवू लागली, लोकांनी त्या संस्थेचे समभाग (शेअर) विकत घेतले आणि २०२० मध्ये तलावाचा एक भाग जमिनीखालच्या उष्णतेने तापवलेल्या पाण्याचा करण्यात आला. थंड समुद्राच्या काठी यामुळे पोहण्याचा काळ उन्हाळ्यापलीकडे वाढला. प्रत्येक गावाला जमिनीतून ऊब मिळणार नाही, हे उघड आहे; परंतु हंगाम संपल्यावरही माणसे का येतील, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारायलाच हवा. त्याचे उत्तर बहुधा गावातल्या रहिवाशांपाशी असते. बाराही महिने येणारे तेच आणि मोडलेला नळ पहिल्यांदा पाहणारेही तेच.

क्रमाबद्दल माझे मत असे की, उद्यान आधी, सभागृह त्यानंतर आणि तलाव शेवटी घ्यावा. उद्यानाला यंत्रणा जवळजवळ लागत नाही. फक्त खेळण्यांचे साखळदंड, नटबोल्ट आणि सांधे खाऱ्या हवेत लवकर गंजत असल्याने त्यांची नियमित तपासणी हवी. सभागृहामुळे पावसाळी दिवसांत आणि हंगामाबाहेर वर्ग, बैठका, सराव यांना जागा मिळते. तलावाला मात्र पाणी गाळण्याची यंत्रणा, पाण्याची रोजची तपासणी आणि प्रशिक्षित जीवरक्षक लागतात. यांपैकी कशाचीही तजवीज अर्धवट असताना तलाव उघडणे धोक्याचे आहे, मग हंगाम कितीही जवळ आलेला असो.

प्रश्न : त्याच सभागृहाच्या खांबांना दोनदा गिलावा केला, तरी थोड्याच काळात काँक्रीटचे तुकडे पुन्हा सुटू लागले. कंत्राटदार तिसऱ्यांदा गिलावा सुचवत आहे. करावा का?

उत्तर : तपासणीशिवाय करू नये. काँक्रीटच्या अल्कधर्मी स्वभावामुळे आतल्या सळ्यांवर एक संरक्षक थर टिकून असतो. समुद्राच्या फवाऱ्यातील क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, झिरपत सळईपर्यंत पोहोचले की तो थर भेदला जातो आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आतून ढकलून वरचे काँक्रीट फोडतो. नुसता गिलावा केला तर नव्या भरावाखालची सळई काही काळ सुरक्षित राहते. पण तिला लागून असलेल्या, मीठ मुरलेल्या जुन्या काँक्रीटमधील सळई अधिक वेगाने गंजू लागते. ठिगळाच्या कडेलाच नवी भेग पडते ती त्यामुळे.

खांबावरून हलक्या हातोडीने ठोकत जा. पोकळ आवाज येईल तिथे वरचा थर आतून सुटलेला आहे, आणि तपकिरी ओघळ दिसतील तिथे सळई गंजत असण्याचा संभव मोठा आहे. पुढचे काम संरचना अभियंत्याचे आहे. निरनिराळ्या खोलीवरची काँक्रीटची भुकटी काढून क्लोराइड मोजणे, सळ्यांवरच्या आवरणाची जाडी पाहणे आणि सळईचे विद्युत विभव (विजेची पातळी) मोजून गंजाची शक्यता ताडणे, या चाचण्या त्यांच्याकडून करून घ्याव्यात. त्यानंतरच सळईच्या मागपर्यंत काँक्रीट काढून भरायचे, सळईऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे (धनाग्र) बसवायचे, की खांबच बदलायचा, हे ठरवता येते.

चाचणीच्या खर्चाबद्दल कुरकूर होते. इंग्लंडमध्येच क्लीव्हडन येथील १८६९ च्या पिअरवर १९७० साली विम्यासाठी पाण्याने भरलेल्या टाक्या ठेवून भारचाचणी घेतली, तेव्हा त्याचे खांबांमधले दोन गाळे कोसळले. तो लोकांसाठी पुन्हा खुला व्हायला १९८९ साल उजाडले. हा भार चाचणीच्या दिवशी टाक्यांऐवजी गर्दीच्या दिवशी माणसांचा असता, तर काय झाले असते, याचा विचार कुरकूर करणाऱ्यांनी करावा.

प्रश्न : ही ठिकाणे खासगी चालकाला द्यावीत का?

उत्तर : हरकत नाही, पण करार नीट वाचूनच. रहिवाशांसाठी राखीव वेळा आणि परवडणारा दर, देखभालीसाठी वेगळ्या खात्यात दरवर्षी जमा होणारी ठरावीक रक्कम, वास्तूच्या स्थितीचा त्रयस्थाकडून वार्षिक अहवाल, आणि हंगामाबाहेर ठिकाण किती दिवस बंद ठेवता येईल याची मर्यादा, ही कलमे त्यात असावीत. चालकाने मध्येच काम सोडले तर यंत्रांची कागदपत्रे, नकाशे आणि तपासणीच्या नोंदवह्या पालिकेच्या ताब्यात किती दिवसांत याव्यात, हेही लिहून घ्यावे. अन्यथा पुढच्या चालकाला पंप उघडून पाहण्यापासून सुरुवात करावी लागते.