वाचक विचारतात : टायटॅनियम गार वाकवलं तर पट्टे, गरम वाकवलं तर गायब, असं का?

प्रश्न (डिप्लोमाचा विद्यार्थी, कोल्हापूर): सर नमस्कार. प्रोजेक्टसाठी ग्रेड टू, म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियमचा रॉड घेतलाय. एक तुकडा उद्यमनगरातल्या वर्कशॉपात गारच वाकवला, दुसरा गॅसवर लाल करून वाकवला. मायक्रोस्कोपखाली गार तुकड्याच्या ग्रेनमध्ये (धातूच्या बारीक स्फटिक-कणांत) टोकाला निमुळते पट्टे दिसतात, गरम तुकड्यात जवळजवळ नाहीतच. मित्र म्हणतो क्रॅक आहेत. खरंच क्रॅक आहेत का?

उत्तर: नाहीत, ते ट्विन आहेत, म्हणजे ग्रेनचे दुसऱ्या दिशेला वळलेले पट्टे. खात्री करायची तर मायक्रोस्कोपला पोलराइज्ड लाइट लावा आणि स्टेज हळूहळू फिरवा, म्हणजे एकाच ग्रेनमध्ये पट्टा उजळतो तेव्हा बाजूचा भाग काळवंडतो आणि पुढं फिरवलं की उलटं होतं. क्रॅक असा उजळत नाही, तो काळाच राहतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत आपल्या सगळ्यांची नजर बिडाला (ओतीव लोखंडाला) सरावलेली, तिथं आधी ग्राफाइट बघायचं असतं, टायटॅनियमला मात्र ग्रेनच्या पोटात बघावं लागतं आणि खरी गंमत तिथंच आहे.

आता कारण. ८८२ अंशाच्या खाली शुद्ध टायटॅनियममध्ये अणूंची रचना षटकोनी खांबासारखी असते. धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, त्याला स्लिप म्हणतात, आणि टायटॅनियममध्ये ही स्लिप सगळ्यात सोपी होते ती खांबाच्या बाजूच्या भिंतींवर, आडव्या दिशेनं. पण तेवढ्यानं खांबाची उंची कमी-जास्त होत नाही. ज्या ग्रेनला नेमकं उंचीच्या दिशेनं ताणलं किंवा दाबलं जातं त्यानं काय करायचं? तिरक्या पातळ्यांवरची एक स्लिप आहे, पण गार असताना तिला फार जोर लागतो, म्हणून मग ग्रेनचा एक पट्टाच्या पट्टा झटक्यात दुसऱ्या दिशेला वळतो. तोच तुमचा ट्विन.

तापमान वाढलं की स्लिपला लागणारा जोर झपाट्यानं उतरतो, ट्विनचा मात्र फारसा बदलत नाही, त्यामुळं ४००-५०० अंशांच्या पुढं स्लिपच पुढं जाते आणि गार तुकड्यात दिसतात तसले पट्टे कमी होत जातात. त्याहून गरम केलं तर ग्रेनच्या आत बारीक उपग्रेन तयार होतात, ६५०-७०० च्या आसपास नवे स्वच्छ ग्रेनही उगवू शकतात. तुमचा गरम तुकडा एवढा साफ दिसतोय तो यामुळंच.

पण नुसतं 'लाल केला' असं रिपोर्टमध्ये लिहू नका. सावलीत मंद लाल दिसणारा तुकडा उन्हात लाल दिसणारच नाही, आणि चुकून ८८२ च्या वर गेलात तर रचनाच बदलते, ग्रेन भराभर मोठे होतात आणि गार होताना आत पट्ट्यापट्ट्यांची वेगळीच नक्षी उमटते, तिला ट्विन समजाल तर सगळा निष्कर्ष चुकेल. थर्मोकपल (तापमान मोजायची तार) लावाच. शिवाय उघड्या हवेत एवढं तापवलं की पृष्ठभाग ऑक्सिजन पितो आणि कडेला कडक, ठिसूळ थर बनतो, एच केल्यावर (अ‍ॅसिडच्या द्रावणानं पृष्ठभाग किंचित खाल्ल्यावर) तो पांढरट दिसतो. खरे क्रॅक शोधायचे असतील तर तिथं शोधा, वाकवलेल्या बाहेरच्या बाजूला.

अजून एक, आणि हे लई जण विसरतात. शुद्ध टायटॅनियम मऊ असतं, जोरात कापलं-घासलं तरी वरच्या थरात ट्विन पडतात. म्हणून न वाकवलेला तिसरा तुकडा अगदी त्याच पद्धतीनं तयार करून शेजारी ठेवा, त्यात पट्टे दिसले तर दोष तुमच्या पॉलिशिंगचा. एचिंगच्या द्रावणात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, ते हाडापर्यंत जातं, सरांशिवाय बाटलीला हात लावायचा नाही.

प्रश्न (दूध उत्पादक, करवीर तालुका): जनावरांचे डॉक्टर रेतनाच्या कांड्या ज्या नायट्रोजनमध्ये ठेवतात, त्यात टायटॅनियम बुडवलं तर काचेसारखं फुटेल का?

उत्तर: प्रश्न आवडला. तो नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. साधं लोखंड त्यात खरंच ठिसूळ होतं, पण ऑक्सिजन कमी असलेलं शुद्ध टायटॅनियम उलट जास्त मजबूत होतं आणि तरी ताणलं जातं, कारण एवढ्या थंडीत ट्विन भरपूर पडतात, एकेका ग्रेनचे तुकडे करतात आणि प्रत्येक सीमेवर स्लिपला अडवतात. २०२१ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या संशोधकांनी नायट्रोजनच्या थंडीतच टायटॅनियम फोर्ज करून अतिसूक्ष्म ट्विननी भरलेला धातू बनवला, ताकद आणि लवचिकता दोन्ही वाढली. ऑक्सिजन जास्त असेल तर मात्र थंडीत ते फुटू शकतं, म्हणून अशा कामाला ग्रेड बघूनच माल घेतात. आणि डॉक्टरांच्या कंटेनरमध्ये प्रयोग करायला जाऊ नका, कांड्या खराब होतील.