एंटूम्डसारखा डेथ मेटल (वेगवान, गुरगुरत्या गळ्याचं मेटल) बँड 'वुल्व्हरिन ब्लूज' या अल्बमपासून रॉककडे वळला, तो पैशासाठीच ना?

हे 'विकले गेले' प्रकरण ऐकलं की माझं डोकं फिरतं. 2004 साली याच अल्बमपायी मला बँडमधून काढलं होतं.

डोंबिवलीत आमच्या गिटारवाल्याच्या काकांची पीठगिरणी होती. रात्री गिरणी बंद झाली की मागच्या खोलीत प्रॅक्टिस. स्नेअरवर पहिला फटका पडला की पिठाचा ढग उठायचा. गिटारवाल्याचा देव म्हणजे एंटूम्डचा 1990 चा अल्बम 'लेफ्ट हँड पाथ'. बॉस कंपनीच्या एचएम-2 या गिटारचा आवाज फाडणाऱ्या पेडलचे चारही नॉब पार टोकापर्यंत पिळून काढलेला तो करवतीचा आवाज! त्यासाठी त्याने लॅमिंग्टन रोडवरून तसलंच पेडल बनवून आणलं होतं. एका रात्री मी ड्रमवर 'वुल्व्हरिन ब्लूज'ची लय धरली. मध्यम, जराशी मागे रेललेली. त्याने हात थांबवला. "वरातीत वाजवतोयस का?" पुढच्या रविवारी गेलो तर माझ्या स्टुलावर दुसराच पोरगा.

अरे, वेगात चुका खपून जातात. संथ लयीत एकेक फटका उघडा पडतो. वरातीतल्या ताशेवाल्यालाही हे कळतं.

असो. गाणी रचण्यात पुढे होता एंटूम्डचा ड्रमर, निक्के अँडरसन, आणि रॉकचं वेड त्यालाच होतं. 1994 मध्ये त्याने हेलाकॉप्टर्स हा सरळ रॉक बँड काढला, 1997 मध्ये एंटूम्डच सोडला. शिवाय 1993 च्या 'वुल्व्हरिन ब्लूज'मध्ये करवत आहे तशीच आहे. बदलली ती लय, आणि गायक पेट्रोव्ह खोल गुरगुरायचं सोडून ओरडायला लागला, इतकंच. आणि 'लेफ्ट हँड पाथ' हे गाणं तरी शेवटपर्यंत ऐकता का कुणी? शेवटी ते किती संथ होतं बघा. म्हणजे 1990 मध्येही हे लोक वरातीतच होते म्हणायचं!

हां, पैशाचा वास अजिबात नव्हता असं नाही. अमेरिकेत त्या अल्बमच्या कव्हरवर मार्व्हलचा वुल्व्हरिन झळकला होता, गाण्याचा त्याच्याशी काही संबंध नसताना. आणि 1998 चा 'सेम डिफरन्स' मलाही ऐकवत नाही. पण तोवर अँडरसन गेला होता.

तुम्ही आधी हेडफोन लावून ड्रम ऐका, मग बोला. आणि गिटारवाल्या, हे वाचत असशील तर तुझी एंटूम्डच्या 'क्लँडेस्टाइन' अल्बमची सीडी अजून माझ्याकडेच आहे. हवी तर येऊन घेऊन जा.