तीन फुटी टाकीत लायनफिश आणावा काय?

आपण लिहिले आहे की, विश्रामबागेतील फ्लॅटमध्ये आठ महिन्यांपासून ३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी चालू आहे, तीत दोन क्लाउनफिश आहेत, आणि मुंबईच्या एका दुकानात बोटाएवढा लाल लायनफिश, म्हणजे पिसाऱ्यासारखे पंख व विषारी काटे असलेला समुद्री मासा, आपल्या मनात भरला आहे. तो आणावा काय, आणि घरात चार वर्षांची मुलगी असताना त्याच्या विषाची भीती कितपत बाळगावी, हे आपले दोन प्रश्न. मी सांगलीतच बारा वर्षे हे मासे पाळत आहे, म्हणून उत्तर आधी सांगतो: तो मासा आणू नये. त्याच्या जवळच्या नात्यातील बुटका लायनफिश आणावा, आणि तोही उन्हाळा सरल्यावर.

दुकानात लाल लायनफिश म्हणून जो मिळतो, तो बहुधा टेरॉइस व्होलिटान्स असतो. आज बोटाएवढा दिसणारा हा मासा पोटभर खायला मिळाल्यास झपाट्याने वाढतो आणि पूर्ण वाढीअंती ३८ सेंटिमीटरपर्यंत जातो. पिसाऱ्यासारखे पंख पसरून वळायला त्याला दीड फूट रुंदी पुरत नाही. आपल्या टाकीचे माप १९० लिटर भरते, वाळू व दगड वजा जाता पाणी दीडशे-एकशेसाठ लिटरच उरते. या जातीसाठी ५ फूट बाय २ फूट बाय २ फूट, म्हणजे सुमारे ५६० लिटरची टाकी मी योग्य मानतो. शिवाय तोंडात मावेल तो मासा अन्न, हा त्याचा साधा हिशेब असल्याने क्लाउनफिशची जोडी फार दिवस दिसणार नाही.

डेंड्रोकायरस या प्रजातीतील, व्यापारात ‘फझी ड्वार्फ’ नावाने विकला जाणारा मासा मात्र १५ ते १७ सेंटिमीटरवर थांबतो आणि आपल्या टाकीत सुखाने राहू शकतो. व्होलिटान्सचे लहान पिल्लूही बुटका म्हणून गळ्यात मारले जाते, तेव्हा छातीजवळचे पंख नीट पाहावेत. व्होलिटान्सच्या पंखांचे काटे बऱ्याच लांबीपर्यंत सुटे, पिसासारखे असतात. बुटक्याचे काटे जवळजवळ टोकापर्यंत पडद्याने जोडलेले असून पंख जपानी पंख्यासारखा अखंड दिसतो. क्लाउनफिश मात्र बुटक्यासोबतही ठेवू नयेत. त्यांची दुसरीकडे सोय करावी.

हा मासा मुळात चिवट आहे. अडचण आपल्या गावाच्या हवेची आणि विजेची आहे. पाणी २४ ते २७ अंशांत राहावे, आणि एप्रिल-मे महिन्यांत येथे बाहेर पारा ४० च्या आसपास असतो. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो, आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, महाग पडत असेल तर टाकीवर पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात, कारण आपला उन्हाळा कोरडा आहे. पण मग पाणी झपाट्याने उडते, मीठ मागे राहते आणि क्षारता चढते. ही तूट रोज साध्या आर.ओ. पाण्याने भरावी, मिठाच्या पाण्याने कधीही नाही. बोअरचे पाणी तर अजिबात वापरू नये.

विजेचा धडा मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये मिळाला. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेच्या पुराची पातळी ५७ फुटांवर गेली होती. आमच्या इमारतीत पाणी शिरले नाही, पण वीज चार दिवस नव्हती. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला. बॅटरीवरचा एक लहान हवापंप व शेजाऱ्यांनी दिलेली सुकी बॅटरी यांवर टाकी तगली. खाणे पूर्ण बंद ठेवले, कारण माशाच्या विष्ठेतून होणारा विषारी अमोनिया फिल्टरमधील जिवाणू खातात; फिल्टरच बंद असताना तो कोण खाणार? त्या चार दिवसांच्या उपवासाने माशाचे काहीही बिघडले नाही, हे आवर्जून सांगतो.

कारण टाकीतल्या लायनफिशला उपासमारीपेक्षा अतिखाण्याचाच धोका जास्त. तो संध्याकाळी काचेशी येऊन असा टक लावून बसतो की पाषाणालाही दया यावी. तरीही मोठ्या माशाला आठवड्यातून दोन-तीनदाच द्यावे, नाहीतर यकृतावर चरबी चढते. जिवंत गोल्डफिश खाऊ घालणे ही सर्वांत वाईट सवय आहे, कारण त्यात जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे थायामिनेज असते. नवा मासा मेलेले अन्न ओळखत नाही. माझी पद्धत अशी: प्रारंभी खाऱ्या पाण्याला हळूहळू सरावलेले मोली नावाचे लहान मासे जिवंत सोडायचे, मग सोललेल्या कोळंबीचा तुकडा लांब काडीच्या टोकाला लावून प्रवाहात थरथरवायचा. माझ्या पहिल्या बुटक्याने एकोणीस दिवस त्या काडीकडे पाहून तोंड फिरवले आणि विसाव्या दिवशी तुकड्यासकट काडीचे टोक तोंडात घेतले. पुढे कोळंबी, माकूळ व समुद्री माशाचे पांढरे मांस आलटून पालटून, जीवनसत्त्वाच्या थेंबांत भिजवून द्यावे. अधूनमधून तो अंगावरचा पातळ, दुधाळ पापुद्रा टाकतो व त्या दिवशी रुसल्यासारखा असतो. तो रोग समजून औषध ओतू नये.

आता विष. पाठीवर १३, गुदपंखात ३ आणि पोटाच्या पंखांत २, असे १८ काटे विषारी असतात. छातीचे डौलदार पंख निरुपद्रवी. बुटक्याचे काटेही विषारीच असतात. मासा अंगावर धावून येत नाही, दंश होतो तो आपल्या हलगर्जीपणाने. मला झाला तो काच घासताना: मासा दगडाच्या कपारीखाली उलटा लटकलेला होता आणि मी न पाहता हात घातला. तर्जनीच्या बुडाशी सुई टोचल्यासारखे वाटले, आणि दहा मिनिटांत आग कोपरापर्यंत चढली.

अशा वेळी विंचवाच्या सवयीने बर्फ लावू नये. हे विष प्रथिनांचे असून उष्णतेने निकामी होते, म्हणून ४३ ते ४५ अंशांच्या गरम पाण्यात हात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा. पाणी दुसऱ्या माणसाने किंवा स्वतःच्या बऱ्या हाताने तपासावे, कारण दुखऱ्या हाताला भाजल्याचे कळत नाही. माझी कळ चाळीस मिनिटांत उतरली, हात काढताच परतली, पुन्हा बुडवावा लागला. बोट चार दिवस सुजलेले होते. त्यानंतर डॉक्टरांकडे जावे, धनुर्वाताच्या लसीचे पाहावे. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर गरम पाण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडील डॉक्टरांना साप व विंचू नित्याचे, हा मासा नव्हे. त्यामुळे कोणत्या जातीचा काटा लागला हे स्पष्ट सांगावे. साप-विंचवाची प्रतिविषे येथे चालत नाहीत. मुलीसाठी टाकीला कुलूप लागणारे झाकण आणि खुर्ची ओढून चढता येणार नाही अशी जागा, या दोन गोष्टी मासा घरी येण्यापूर्वी करून घ्याव्यात. मेलेल्या माशाचे काटेही काही काळ विषारी असतात, म्हणून तो हाताने उचलू नये.

टाकीसाठी कोणी जिवंत कठीण प्रवाळ देऊ केल्यास घेऊ नये. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सुका खडक पुरतो. मासा दिवाळीनंतर आणावा आणि पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला त्याला आपल्यासमोर काडीवरचे अन्न खाऊ घालायला सांगावे. प्रवासात पिशवी दुहेरी करून मध्ये वर्तमानपत्राचे जाड थर घालावेत, कारण काट्याने एकेरी पिशवी फुटते. माझी एकदा कराडजवळ बसमध्ये फुटली होती, आणि शेजारच्या काकूंनी दिलेल्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मासा सांगलीपर्यंत आला.