बाळाची शी पुसायला काय: वाइप्स, की आजीचं लुगडं?

या वेळच्या पत्रांत निम्मे प्रश्न याच विषयावरचे आहेत, म्हणून ते एकत्र घेतले.

प्रश्न : बाळ तीन आठवड्यांचं आहे. सासूबाई म्हणतात जुन्या लुगड्याचे तुकडे आणि कोमट पाणी. बहिणीने वाइप्सचं खोकं पाठवलंय. त्वचेला चांगलं काय? (सातारा)

तुम्ही साताऱ्याच्या, म्हणून कुस्तीच्या भाषेत सांगते : सासूबाई जिंकल्या, पण चितपट नाही, गुणांवर. २०१२ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी २८० नवजात बाळं घेऊन हीच तुलना केली होती, एकीकडे कापूस आणि पाणी, दुसरीकडे वाइप्स. चार आठवड्यांनी त्वचेचा ओलावा दोन्हीकडे सारखाच निघाला. म्हणजे चांगल्या वाइप्सनी बाळाचं काही बिघडत नाही. तरी माझं मत पाणी आणि सुती फडकं यांच्याच बाजूने आहे. त्यात कुठलं रसायन आहे हे शोधत बसावं लागत नाही आणि पैसेही वाचतात. या वयात दिवसाला आठ-दहा लंगोट सहज होतात. एका वेळी दोन वाइप्स धरले तरी ७२चं पाकीट साधारण चार दिवसांत संपतं. महिन्याला सात-आठ पाकिटं झाली, किंमत तुम्हीच लावा.

लुगडं मात्र सुती हवं. त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच जिरला तर ठीक, मोत्यासारखा वर बसून राहिला तर ते कापड बोहारणीला द्या. हाताच्या पंज्यापेक्षा थोडे मोठे पंचवीस-तीस तुकडे करा आणि कडांना पिको करून घ्या. ही हौस नाही. सुटलेला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजून लाल होतं, बाळ रडत राहतं आणि घरचे पोटदुखी समजून ओवा शेकत बसतात. मी असा दोरा कात्रीच्या टोकाने सोडवलेला आहे.

आणि पुसण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे नंतर टिपणं. पुरळ येतं ते ओल आणि घासण्यामुळे. मांडीच्या घडीत कोरडं फडकं हलक्या हाताने दाबा, दोन मिनिटं उघडं राहू द्या, मगच लंगोट. मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचं, उलट कधीच नाही. नुसती शू झाली असेल तर दर वेळी घासूनपुसून काढायची गरज नाही.

प्रश्न : पाकिटावर ‘९९ टक्के पाणी’ लिहिलंय. मग पुरळ का यावं? (ठाणे)

उरलेल्या एका टक्क्यामुळे येऊ शकतं. ओलं फडकं बंद पाकिटात महिनोन्‌महिने ठेवलं तर त्याला बुरशी लागणारच. ती लागू नये म्हणून टिकाऊपणाचं रसायन घालावंच लागतं. प्रश्न कुठलं, एवढाच. मेथिलआयसोथायाझोलिनोन हे लांबलचक नाव घटकांच्या यादीत दिसलं तर पाकीट परत ठेवा. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ’ ठरवलं. त्वचेवर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत ते वापरायला युरोपात २०१७पासून बंदी आहे. वाइपचा ओलावाही आपण कुठे धुतो! सुगंधी वाइप्स तर नकोतच. बाळाला गुलाबाचा वास यावा ही हौस आपली, बाळाची नव्हे.

वाइप्स बंद करून, जागा कोरडी ठेवून दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, किंवा घडीतच लालभडक होऊन भोवती बारीक ठिपके दिसले, तर ती बुरशी असू शकते. डॉक्टरांना दाखवा. त्यावर पावडर थापू नका.

प्रश्न : आमच्याकडे जूनपासून काही वाळत नाही. फडक्यांना कुबट वास येतो. जंतुनाशक घालून धुऊ का? (चिपळूण)

नको. ते कापडात राहिलं तर त्वचेला झोंबतं. शी लागलेलं फडकं आधी गार पाण्यात खळबळून घ्या, गरम पाण्यात टाकलं तर डाग पक्का बसतो. मग साध्या साबणाच्या गरम पाण्यात धुवा आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य घालू नका, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. कुबट वास धरलेली फडकी वेगळ्या पातेल्यात दहा मिनिटं उकळा, पिळून पंख्याखाली टाका, शेवटची ओल इस्त्रीने काढा. गॅसवर दोरी बांधून वाळवू नका, आगीचा धोका आहेच, शिवाय फोडणीचा वास लागतो. तरीही सलग आठ दिवस झड लागली तर वाइप्स आणा आणि अपराधी वाटून घेऊ नका.

प्रश्न : वापरलेले वाइप्स संडासात टाकले तर चालतील? (पुणे)

नाही. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. बाटलीत पाणी भरून एकात टिश्यू पेपर आणि दुसऱ्यात वाइप टाकून हलवून बघा. कागदाचा लगदा होतो, वाइप तसाच राहतो, कारण बहुतेकांत पॉलिस्टरचे धागे असतात. ते पाइपात किंवा सेप्टिक टँकमध्ये अडकतात. डायपरबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंनी हीच खूण रुळवली आहे. पुडी उघडून बघायची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

प्रश्न : सुती फडकी ओली करून डब्यात भरली तर प्रवासात वाइप्ससारखी वापरता येतील? (नागपूर)

येतील, पण त्याच दिवशी. तुमच्या डब्यात टिकवणारं रसायन नाही, त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात उद्यापर्यंत त्याला वास येईल. त्यापेक्षा फडकी कोरडीच न्या आणि उकळून गार केलेल्या पाण्याची छोटी बाटली वेगळी ठेवा. वापरलेल्या फडक्यांना चेनची पिशवी न्या, घरी पोचल्याबरोबर ती रिकामी करा. रात्रीच्या एसटीत, हलत्या दिव्याखाली, मांडीवर बाळ घेऊन हे जमत नसेल, तर बिनवासाचे चार वाइप्स पिशवीत असू द्या. मीसुद्धा ठेवायचे.