जपानहून परतल्यापासून मुलं पहाटे साडेतीनला उठून बसतात. काय करावं?

जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. तिथं सातला उठणारं पोर इथं साडेतीनला टक्क जागं होणारच! आमची धाकटी, वय 4, क्योटोहून आल्यावर भल्या पहाटे फ्रीजसमोर उभी राहून ‘ओनिगिरी (जपानी भाताचा गोळा) दे’ म्हणायची. शेवटी रात्रीच्या भाताचा गोळा वळून त्याला मेतकूट लावून दिला, तेव्हा गप्प झाली. (वर गुंडाळायला नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, कागद नाही म्हणून पुन्हा रुसली, ते वेगळं.)

खरी अडचण संध्याकाळी असते. सहालाच डोळे मिटायला लागतात, तेव्हा घरात बसवू नका, उजेड असेपर्यंत खाली खेळायला न्या. झोपायची वेळ रोज अर्धा-पाऊण तास पुढे ढकला. दुपारची झोप तासाभरात मोडा. पहाटे उठलीच तर दिवे आणि मोबाईल बंदच ठेवा. आमच्याकडे पाचव्या दिवशी गाडी रुळावर आली. पुढच्या वेळी परतीचं विमान शुक्रवारचं घ्या, शाळेआधी दोन दिवस तरी मिळतील.