पूर्वीसारखं जमत नाही, मग कशाला?

निवृत्त माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा बहुतेकांची पहिली तक्रार असते, "दिवस जात नाही." पूर्वी काय आवडायचं, असं विचारलं की डोळे लकाकतात. पण लगेच पुढचं वाक्य येतं, "आता ते पूर्वीसारखं जमत नाही." या वाक्यापाशी किती छंद अडून राहतात, ते मी रोज पाहते.

वीज खात्यातून निवृत्त झालेले एक काका मुलाच्या आग्रहाने आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माळ्यावरची रिग, म्हणजे रेडिओ संच, त्यांनी खाली काढली, पंधरा दिवस पुसली आणि पुन्हा चादरीत गुंडाळून वर ठेवली. काका हॅम होते, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक. चाळिशीपर्यंत रात्र रात्र मोर्सवर, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक भाषेत, गप्पा मारलेल्या. जगभरातून आलेली क्यूएसएल कार्डं, म्हणजे रेडिओवर बोलणं झाल्याच्या पोचपावत्या, बिस्किटांच्या डब्यात अजून जपून ठेवली होती.

"मिनिटाला 18 शब्द सहज घ्यायचो मॅडम. आता 6 ला अडखळतो. आणि नातू म्हणतो, आजोबा, व्हॉट्सअ‍ॅप आहे ना!"

नातवाच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. काकांनाच विचारलं, त्यात काय आवडायचं? ते वीस मिनिटं बोलले. 7 मेगाहर्ट्झवर दिवसा जवळपासचीच स्टेशनं लागतात. सूर्य मावळला की लहरी शोषणारा वातावरणातला खालचा थर विरतो, मग लहरी वरच्या थरावरून परततात आणि हजारो किलोमीटरवरचा माणूस कानात बोलायला लागतो. सांगताना त्यांचं बोट टेबलावर टिकटिक करत होतं.

"समोरचा नवशिका असला, हळू पाठवत असला, तर तुम्ही काय करायचात?"

"मीही हळू पाठवायचो. तो रिवाजच आहे. क्यूआरएस म्हणायचं, म्हणजे 'सावकाश पाठवा'."

"मग आता तुम्ही म्हणालात तर?"

काका बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्यासाठी आयुष्यभर आनंदाने केलेली गोष्ट स्वतःसाठी मागायची त्यांना लाज वाटत होती. ऐकू कमी येतं, हीही भीती होती. मी कानाची तपासणी करून घ्यायला सांगितलं. वयाबरोबर आधी उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. मोर्सचा सूर साधारण 600-700 हर्ट्झचा असतो, आणि तो आणखी खालीही घेता येतो. हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, पण भीतीपुढे आठवलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीला काकूंना बोलावलं, आणि खरी गाठ तिथे सापडली. "पोरगा तापाने फणफणला होता. मी दार वाजवतेय, आणि ह्यांच्या कानाला हेडफोन." तीस वर्षांपूर्वीची ती रात्र दोघांच्याही मनात ताजी होती. काकांनी रिग पुन्हा गुंडाळली त्यामागे ही टोचणीही होती. "छंद जोपासा" हा सल्ला फुकट मिळतो. त्या छंदाची किंमत घरात कोणी मोजली, हे फारसं कोणी विचारत नाही. मला ते विचारणं फार गरजेचं वाटतं. काका त्या दिवशी, पहिल्यांदाच, "चुकलं माझं" म्हणाले. काकूंनी एकच अट घातली: खोलीचं दार लावायचं नाही.

पुढचं काम साधं होतं. परवान्याची मुदत तपासायची. संपली असेल तर नूतनीकरण होईपर्यंत प्रक्षेपण नाही. गच्चीवर सुमारे 20 मीटर तारेचा अँटेना ताणायला सोसायटीकडे लेखी परवानगी मागायची. पहिला महिना रोज पंधरा मिनिटं नुसतं ऐकायचं, आणि चुकलेली अक्षरं मोजायची नाहीत. शेवटचं त्यांना सर्वांत जड गेलं.

चौथ्या महिन्यात दोघं आले. संध्याकाळी साडेसातला काकांनी सीक्यूची, म्हणजे 'कोणी आहे का, बोला' अशी, हाक दिली होती. उत्तर भरधाव आलं. घामेजल्या बोटांनी त्यांनी क्यूआरएस पाठवलं. क्षणभर शांतता. मग तेच उत्तर पुन्हा आलं, एकेक अक्षर सुटं करून.

काकू उघड्या दारात उभ्या होत्या. "काय म्हणतोय?"

"कोइमतूरचा आहे. पाऊस पडतोय म्हणतो."