आधी कोरा प्लाझ्मा मोज

फेनिटॉइन हे फिटांवरचं औषध चमकेवरून मोजायला त्याचा साचा घालून केलेला तुझा पॉलिमर बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, चालला; औषधाचं प्रमाण आणि चमक यांची सरळ रेघ आली, छान! पण तेवढ्यावर थांबू नकोस. नवीन मुलं नेमकी इथेच फसतात. औषध न घातलेला प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढलेला रक्ताचा द्रव, आधी मोज. तो स्वतःच निळसर चमकतो. नमुना गुलाबी दिसला तर तांबड्या पेशी फुटल्यात. हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं. असा नमुना बाजूला ठेव. स्टँडर्ड, म्हणजे औषधाचं प्रमाण माहीत असलेले नमुने, प्लाझ्मातच बनव.

फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग प्रथिनांना चिकटलेला असतो. एकूण मोजतोयस की मोकळं, हे वहीत आधी लिही.

औषधाचा साचा न घालता केलेला पॉलिमर दरवेळी तुलनेसाठी सोबत लाव.

आणि पुण्यातला एप्रिल! दुपारी एसी बंद पडला की चमक उतरते. क्युवेट, म्हणजे नमुन्याची पारदर्शक डबी, २५ अंश सेल्सिअसवरच ठेव. बाकीचं नंतर. अडलास की विचार.